दमाचा माणूस

"परत," हे म्हणाले. "आनी आता दम धर. पान्यात तुका खावक कोन बसलो नाय."

मी घंगाळातून डोकं वर काढलं तेव्हा नाकातोंडात पाणी गेलं होतं आणि केस गळ्याभोवती चिकटले होते. मागच्या पडवीत सकाळचं ऊन आलं होतं. शेजारची चंद्रभागा कुंपणापलीकडून टक लावून बघत होती. आता सगळ्या देवबागेत दुसरा विषय निघणार नाही, हे मला कळून चुकलं. पन्नाशी कधीच मागे टाकलेली बाई, नवऱ्यासमोर घंगाळात तोंड बुडवून बसलेली. मी पदराने तोंड पुसलं आणि ह्यांना सांगितलं की आपण डोंगरावर जातोय, तिथे पाणी नसतं, हवा असते.

"थय हवाच तर कमी," हे म्हणाले. "म्हणान तर शिकवतंय."

त्यांचा हिशेब सरळ होता. वर हवा विरळ, म्हणजे थोडी. थोड्या हवेत कोण टिकेल? ज्याला कमी श्वासात राहायची सवय आहे तो. आणि कमी श्वासात राहण्यात आमच्या ह्यांचा हात धरणारा सगळ्या किनाऱ्यावर कोणी नव्हता.

ट्रॉलरच्या पंख्यात जाळं गुंडाळलं, नांगर खडपात अडकला, की मोरेश्वर खवणेकरला बोलावणं यायचं. हे होडीच्या काठावर बसायचे, एक श्वास घ्यायचे आणि खाली जायचे. वरचे लोक आधी गप्पा मारायचे, मग गप्प व्हायचे, मग एखादा देवाचं नाव घ्यायला लागायचा. तेवढ्यात हे भलत्याच बाजूला वर यायचे आणि कोणाकडे तरी तंबाखू मागायचे. धाप नाही, खोकला नाही, काही नाही. त्या धाप न लागण्याचा त्यांना भारी अभिमान. गावात त्यांना दमाचा माणूस म्हणत, आणि ते ऐकलं की हे न ऐकल्यासारखं करत.

"छाती श्वास मागता," ते मला शिकवायचे. "मागूंदे. देऊ नको. जरा वेळान ती मागूचीच बंद होता."

मला ते कधीच जमलं नाही. मी नाक हळूच कडेला काढून श्वास घ्यायची आणि हे माझ्यावर खूश व्हायचे.

हे सगळं चाललं होतं हर्षदासाठी. आमची एकुलती एक मुलगी. लहान असताना ह्यांनी तिला माझ्या शिव्या खात पाण्यात नेलं, बुडी मारायला शिकवलं. तिचं शरीर बापाचं, हट्टही बापाचा. नर्सिंग शिकायला चंदीगडला गेली, तिथून हिमाचलात नोकरीला, आणि तिकडेच तंजिन नावाच्या मुलाशी लग्न केलं. आम्हाला कळवलं ते झाल्यावर. ह्यांनी फोनवर एकच वाक्य म्हटलं, "आता माझ्या दारात पाय ठेव नको," आणि फोन माझ्या हातात दिला.

तिने खरंच पाय ठेवला नाही. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर रडतभेकत आली असती, चार दिवस अबोला झाला असता आणि मग मासे तळून सगळं मिटलं असतं. ही मोरेश्वर खवणेकरची. माझ्याशी बोलायची, चंद्रभागेच्या फोनवर, हे घरी नसताना. तिला मुलगा झाला तेही मला तसंच कळलं. मी ह्यांना सांगितलं, तर हे जाळं विणत बसले होते, ते विणत राहिले.

मग एकदा घरचा फोन वाजला आणि मी विहिरीवर होते. परत आले तर हे फोन कानाला लावून उभे. बोलत नव्हते. पलीकडूनही कोणी बोलत नसावं. मी कोण म्हणून खुणेने विचारलं तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बराच वेळ गेला. मग त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, हर्षू होती. ती काय म्हणाली, मी विचारलं. काही नाही म्हणाले. मग कशावरून तीच होती?

"तिचो श्वास माका कळाना?" असं म्हणून हे बाहेर गेले आणि पडवीच्या पायरीवर बसले. मी तोंड धुवायला पाणी नेऊन दिलं. ते त्यांना लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं की आपण हर्षूकडे जाणार. मला आनंदाने काय करू नि काय नको झालं. मी म्हटलं, तिला कळवते, ती मुलाला घेऊन खाली मनालीपर्यंत येईल, आपण तिथे भेटू. कारण तिचं गाव कुठे आहे हे मला ठाऊक होतं. गाडीरस्ता संपतो तिथून पुढे दोन दिवसांची चाल, मध्ये एक उंच खिंड, खिंडीपलीकडे गाव. तिथले लोक आपण बाजाराला जातो तसे जातात-येतात, पण ते तिथे जन्मलेले. आमच्या देवबागेत एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये वाळूची पट्टी. गावात उंच म्हणजे माड आणि पाण्याची टाकी.

ह्यांना ते पटलं नाही.

"मीच तिका माझ्या दारात पाय ठेव नको म्हटलंय," ते म्हणाले. "आता तिना कित्याक येवचा? आनी वाटेर गाठ घेवक ती काय परकी आसा? तिच्या दारात जातलंय."

बरोबरच होतं ते. मला आजही बरोबर वाटतं.

मग तयारी सुरू झाली. पाठपिशवीत वाळू भरून हे किनाऱ्याच्या सुक्या वाळूतून चालायचे, जिथे पाय रुततो तिथून मुद्दाम. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढ-उतार करायचे, इतकी की शेवटी सरपंचाने येऊन विचारलं, टाकीत काही पडलंय काय. रविवारी एसटीने मालवणच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर जायचं आणि चढाची वाट शोधायची. मी मागून हाश्शहुश्श करत यायची, आणि हे पुढे उभे राहून माझ्याकडे असे बघायचे, जणू गाढव निवडताना आपली चूक झाली. आणि रोज सकाळी घंगाळ.

हर्षदा फोनवर मला सूचना द्यायची. प्रत्येक ठिकाणी थांबा, पाणी पीत राहा, घाई करू नका, डोकं दुखलं तर लगेच सांगा. मी ते सगळं ह्यांना सांगायची. "तिका सांग, बापाक चलाक शिकवू नको," हे म्हणायचे, पण तोंड दुसरीकडे करून, म्हणजे हसू दिसू नये. न्यायला कोणी यायचं नाही, असाही त्यांनी निरोप दिला. जावयाने पुढे येऊन हाताला धरून नेलं तर मग आपण गेलो असं कसं म्हणणार.

तरी तंजिनने आपल्या ओळखीचा एक वाटाड्या ठरवून ठेवला होता. चेतराम त्याचं नाव. रस्ता संपतो तिथल्या चहाच्या दुकानात तो खेचर आणि खेचरवाला घेऊन आमची वाट बघत होता. किडकिडीत, हसतमुख, हर्षूच्या वयाचा असेल. आम्हाला बघून त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की इथे एक दिवस जास्त राहू. तुम्ही समुद्रावरून आलात, शरीराला कळू द्या कुठे आलंय ते.

हे म्हणाले, शरीराला मी सांगितलंय.

मी तर राहायला एका पायावर तयार होते. माझं डोकं भणभणत होतं, जीभ कोरडी पडली होती, जिन्याच्या दोन पायऱ्या चढले की छाती भात्यासारखी चालायची. चेतरामने मला गोळी दिली, चहा दिला, आणि माझी तक्रार रोजचीच असल्यासारखा मान डोलवत राहिला. पण ह्यांना काही होत नव्हतं. ह्यांचा श्वास शांत. हर्षू वाट बघतेय, एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी चेतरामने खांदे उडवले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

तो दिवस मला सगळाच्या सगळा आठवतो. झाडं मागे राहिली, मग झुडपंही, मग नुसते दगड आणि मध्येच पिवळी फुलं. मी दर दगडावर बसत होते. माझ्या धापा ऐकून खेचर मागे वळून बघायचं. मी सगळ्यांना बोलले त्या दिवशी. ह्यांना, चेतरामला, तंजिनच्या वाडवडिलांना, ज्यांना राहायला दुसरी जागा मिळाली नाही. हे पुढे चालत होते, पाठ ताठ, तोंड मिटलेलं, नाकाने हळू श्वास घेत. चेतराम मला कौतुकाने म्हणाला, "बाबूजी की तो साँस ही नहीं फूलती." मी म्हटलं, त्यांचा पहिल्यापासून तसाच आहे, दमाचा माणूस आहे. माझा ऊर भरून आला होता ते सांगताना.

दुपारी खिंडीच्या पायथ्याशी पोचलो. ओढ्याकाठी थोडी सपाट जागा होती, तिथे तंबू ठोकला. तिथून खिंड दिसत होती, दोन काळ्या कड्यांच्या मधली फट. चेतराम म्हणाला, उद्या सकाळी तिथे, आणि तिथून खाली बघितलं की तुमच्या मुलीच्या घराचं छप्पर दिसेल. हे एका दगडावर बसून त्या फटीकडे बघत राहिले. जेवायला दिलं ते त्यांनी नको म्हटलं. चेतरामने विचारलं, डोकं दुखतंय का, मळमळतंय का? ह्यांनी मान हलवली. मीही विचारलं, तर म्हणाले भूक नाही, एवढंच.

मी शेजारी जाऊन बसले. ऊन होतं, पण वारा गार होता. खिंडीवरची नजर न काढता हे म्हणाले, "दारात गेल्यार काय म्हणू?"

"हाक मारा. दार उघडतली ती."

"मी तिका पाय ठेव नको म्हटलंय. तिना पण तसाच म्हटल्यान तर?"

"तर तुमी भायर बसा," मी म्हटलं. "मी आत जावन जेवतंय."

हे हसले. मग त्यांनी मला विचारलं की नातवाचं नाव काय. मी किती वेळा सांगितलं होतं. नोर्बू, मी परत म्हटलं. त्यांनी ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, खवणेकरांच्या घरात कधी न आलेलं नाव, आणि म्हणाले, बरा आसा.

ते माझ्याशी धड बोलले ते तेवढंच शेवटचं.

सकाळी मी तंबूतून बाहेर आले तर हे दगडावर बसून बूट घालत होते. डावा बूट उजव्या पायात घालत होते. मी हसून म्हटलं, अहो, तो तिकडचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात ओळख जरा उशिरा आली. उभे राहिले तर होडीतून नुकते उतरल्यासारखे डुलले. चेतराम चहा टाकत होता, तो भांडं तसंच ठेवून आला. त्याने ह्यांना एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून सरळ चालून दाखवायला सांगितलं. हे दुसऱ्याच पावलाला पडले.

चेतरामचं हसरं तोंड पार उतरलं. डोकं कधीपासून दुखतंय, त्याने विचारलं. त्याने परत विचारलं, तेव्हा हे हळू, एकेक शब्द शोधत म्हणाले की रस्ता सोडला तेव्हापासून. म्हणजे कालचा सगळा दिवस. ती ताठ पाठ, ते मिटलेलं तोंड, ते न जेवणं. ते आमच्यासमोर बुडी मारून बसले होते, आणि मी त्यांचं कौतुक करत होते.

आत्ताच्या आत्ता खाली उतरायचं, चेतराम म्हणाला. मी खिंडीकडे बघितलं. इतकी जवळ दिसत होती ती. मी त्याला विचारलं, अरे, पलीकडे मुलगी आहे, नर्स आहे ती, तिकडेच नेलं तर? तो म्हणाला, "माताजी, ऊपर ले गए तो मर जाएँगे." उतरण्याशिवाय याला औषध नाही.

ह्यांना ते समजलं असावं. त्यांनी माझा हात धरला.

"मी दम धरतंय," ते म्हणाले. "खिंडीपर्यंत धरतंय. पलीकडे सोडतंय."

मी नाही म्हटलं. आमच्या सगळ्या संसारात मी ह्यांना इतकं स्पष्ट नाही कधी म्हटलं नव्हतं. आजही तेच म्हणेन. त्यांना खेचरावर बसवलं आणि आम्ही उतरायला लागलो.

चेतराम जवळजवळ धावत होता. वाटेत खालून वर जाणारे दोघे जण भेटले, पाठीवर पोती घेऊन, हर्षूच्या गावचे. त्यांनी चेतरामला विचारलं, काय रे, हे तंजिनचे सासरे ना? उलटे कुठे? चेतरामला थांबायला वेळ नव्हता. "लौट रहे हैं," तो न थांबता म्हणाला आणि आम्ही पुढे गेलो. ते दोघे वर गेले.

झाडं परत दिसायला लागली तेव्हा मला वाटलं, आता बरं वाटेल. नदीचा आवाज यायला लागला. पण ह्यांची शुद्ध गेली होती. खेचरवाल्याने दोर सोडून त्यांना खाली उतरवलं, सावलीत ठेवलं, चेतराम त्यांची छाती चोळत राहिला. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेवटचा श्वास कोणता, ते मला कळलं नाही. त्यांचा श्वास पहिल्यापासून ऐकूच येत नसे.

खालच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने मला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं की हे काय काम करायचे. मी सांगितलं, पाण्यात बुडी मारायचे. मग तिने समजावून सांगितलं की इतक्या वर माणसाला धाप लागते, ती लागायलाच हवी. हवा कमी म्हणून शरीर जास्त श्वास मागतं आणि घेतं, त्यानेच ते तगतं. तुमच्या यजमानांच्या शरीराची मागायची सवय मोडली असेल, ती म्हणाली. खात्रीने नाही सांगता येत, पण असं होतं. आणि डोकेदुखी लपवली ती वेगळीच. तुम्ही कशा काय ठीक आहात, तिने विचारलं. मी म्हटलं, मी वाटभर धापा टाकत, रडत-ओरडत आले. ती म्हणाली, तेच बरं केलंत.

याला आता कितीतरी वर्षं झाली. लोकांना वाटतं मी रडत असेन. मी रडते, पण त्याआधी मला राग येतो. छाती मागते तर द्यावं तिला. डोकं दुखतं तर सांगावं. आपल्या बायकोला तरी सांगावं.

दवाखान्यातून हर्षूच्या गावाला फोन लागेना. तिथे एकच फोन होता, तोही वाऱ्याच्या मर्जीवर चालायचा. निरोप पोचला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. तंजिनच्या पाठीवर मूल बांधलेलं. मला वाटलं होतं, ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडेल. ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली. तोंड मिटलेलं, पाठ ताठ. आत ह्यांना ठेवलं होतं तिथे गेली, बघून आली आणि माझ्यासमोर खाली बसली.

मग तिने सांगितलं. आम्ही पोचणार होतो त्या सकाळपासून ती मुलाला घेऊन गावाबाहेरच्या दगडी कठड्याशी उभी होती. घरात सतरंज्या घातल्या होत्या, शेजारणींनी येऊन स्वयंपाक केला होता. हर्षदाचे वडील समुद्रावरून चालत येतायत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. उन्हं कलल्यावर ते दोघे पोतीवाले खिंडीतून उतरले. तिने त्यांना विचारलं, आमचे लोक दिसले का? ते म्हणाले, दिसले, पण लौट गए. तुझे वडील खेचरावर बसून परत गेले.

"मी सगळ्यांका घराक धाडलंय," हर्षू म्हणाली. "दार लावन घेतलंय. माका वाटला, खिंड बघून तेंका जुना सगळा आठवला आनी ते फिरले." तिचा आवाज इतका सपाट होता की तंजिनला शब्द कळत नसूनही तो मुलाला घेऊन बाहेर गेला. "मी तेंका काय काय बोललंय, आये. नको नको ता बोललंय. म्हटलंय, आता माझ्यासाठी मेले ते."

मी तिचा हात धरायला गेले, तिने तो घेऊ दिला नाही.

"आये, ते येय होते मां? माझ्याकडे येय होते मां? खरा सांग."

"तेंका खेचराक बांधूचा लागला, बाय," मी म्हटलं.

"कित्याक?"

"सारखे उतरा होते. उतरान परत खिंडीकडे चलाक लागत."

"कितीदा?" तिने विचारलं.

"शुद्धीर होते तोपर्यंत," मी सांगितलं.